नवी विमाने, जुनी वही

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. तेथे सारेच नवे आहे. तथापि तेथून उड्डाण करणाऱ्या प्रवाशाने आपले तिकीट एकदा निरखून पाहावे. नाव रोमन लिपीतील केवळ मोठ्या अक्षरांत, आडनाव आणि नाव यांच्यामध्ये एक तिरपी रेघ, अनेकदा नावाच्या शेपटीला अंतर न सोडता चिकटलेला ‘मिस्टर’ आणि सहा अक्षर-अंकांची एक सांकेतिक खूण. ही ठेवण आजच्या कोणा मुद्रकाच्या आवडीनिवडीतून आलेली नाही. तारयंत्राला लहान अक्षरे ठाऊक नव्हती, त्या काळाचा तो वारसा आहे. केवळ एकच नाव लावणाऱ्या आपल्या देशबांधवांना आडनावाच्या रकान्यात काय भरावे याचा पेच पडतो, त्याचे मूळही याच जुन्या वहीत आहे.

ही वही उघडली कशी, ते सांगण्याजोगे आहे. १९५३ साली अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएम कंपनीचे विक्रेते ब्लेअर स्मिथ हे एका विमानात योगायोगाने शेजारी बसले. त्या काळी आसनांची नोंद कार्डांवर होत असे आणि एका आरक्षणाला सरासरी दीड तास लागे. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी आयबीएम जी संगणकयंत्रणा घडवीत होती, तिचाच अनुभव नागरी तिकिटांसाठी वापरण्याची कल्पना पुढे आली. त्यातून ‘सेबर’ जन्मास आली आणि १९६४ पर्यंत त्या कंपनीची सर्व आरक्षणे तिच्यावर होऊ लागली. पुढे आयबीएमने याच घाटाची यंत्रणा इतर विमान कंपन्यांनाही दिली. १९७९ मध्ये तिला ‘टीपीएफ’ हे नाव मिळाले. स्मृतिकोश तेव्हा सोन्याच्या भावाने मिळे. म्हणून ३८१ बाइटांच्या एवढ्याशा खणात प्रवाशाची नोंद बसविण्याची करामत त्या लोकांनी केली. ती करामत अव्वल दर्जाचीच होती, आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार आजच्या पिढीला नाही.

परंतु काटकसरीने बांधलेले घर वाढवता येत नाही. खिडकी पाडावी तर भिंत हलते, अशी त्याची अवस्था होते. ती संगणकभाषा जाणणारे कारागीर निवृत्त होत चालले आणि भाडे, बॅगा, जेवण, जागेची निवड अशा नव्या गोष्टींसाठी जुन्या गाभ्यावर ठिगळांमागून ठिगळे चढली. आरक्षण क्षणभरही थांबवता येत नसल्यामुळे ही यंत्रणा बदलणे म्हणजे चालत्या रहाटगाडग्याचे पोहरे बदलण्यासारखे. साहजिकच, जो तो संचालक हे काम आपल्या वारसाकडे ढकलतो.

ढकलण्याची किंमत काय पडते? २००४ च्या नाताळात अमेरिकेतील कोमएअर या कंपनीने ती मोजली. वैमानिक व सेवकवर्ग यांच्या नेमणुका सांभाळणारी तिची जुनी आज्ञावली महिन्याला सुमारे ३२ हजार बदलांपुरतीच बनविलेली होती. हिमवादळामुळे बदल वाढत गेले, मर्यादा ओलांडली गेली आणि यंत्रणाच बसली. ऐन नाताळच्या दिवशी सुमारे अकराशे उड्डाणे रद्द झाली. ती आज्ञावली बदलण्याचा विचार झाला नव्हता असे नव्हे. तो लांबणीवर पडला होता. अठरा वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, साउथवेस्ट कंपनीने त्याच धड्याची मोठी आवृत्ती काढली. वादळ सर्वांवरच आले. इतर कंपन्या सावरल्या, साउथवेस्टला मात्र आपला कोणता वैमानिक कोठे आहे हेच कळेनासे झाले. सेवकवर्ग दूरध्वनीवर तासन्‌तास ताटकळत आपला ठावठिकाणा कळवीत राहिला. वैमानिकांच्या संघटनेने या धोक्याची सूचना पूर्वीच दिलेली होती. सुमारे १६,९०० उड्डाणे रद्द झाली आणि वीस लाखांवर प्रवासी अडकले.

मग जुने फेकून नवे आणावे, इतके हे सोपे आहे काय? मुळीच नाही. युरोपातील अमाडेउस कंपनीने टीपीएफचा त्याग करून लिनक्ससारख्या खुल्या प्रणालींवर आपला सारा कारभार नेला, पण त्या कामी दहा वर्षांहून अधिक काळ गेला. उलट एअर कॅनडाने २००६ मध्ये आयटीए या हुशार संगणकतज्ज्ञांच्या कंपनीकडे नवी आरक्षणयंत्रणा मागितली आणि २००९ मध्ये तो बेत स्थगित करावा लागला. वस्तुतः भाडे शोधण्याच्या कामात याच कंपनीने साध्या, स्वस्त संगणकांच्या बळावर जुन्या महायंत्रांना मागे टाकले होते. भाडे शोधणे वेगळे आणि लाखो प्रवाशांचा हिशेब अखंड सांभाळणे वेगळे. शिवाय नवे म्हणजे निर्धोक हा समजही खोटा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले, तेव्हा आपल्या देशात प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले प्रवेशपास पडले. डेल्टा कंपनीला तर सावरायला कित्येक दिवस लागले.

आमच्या मते ‘खुले’ या शब्दाचा खरा अर्थ येथे आहे. यंत्र नवे की जुने यापेक्षा ते एकाच विक्रेत्याच्या मुठीत आहे काय, आणि ते बंद पडल्यास दुसरी वाट आहे काय, हे विचारले पाहिजे. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले, ती कंपनीच्या कचेरीतून नव्हे, तर सिटा या परदेशी सेवादात्याच्या यंत्रणेतून.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, त्याचे खापर संगणकावर फोडता येणार नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आधीच ठाऊक असता नियोजन अपुरे पडले, हेच त्याचे मुख्य कारण. पण एक कंपनी कोलमडली की ऐन हंगामात गोव्यातील हॉटेलवाला, टॅक्सीवाला आणि मुंबईला इस्पितळात निघालेला रुग्ण एकाच वेळी अडकतो, हे त्या आठवड्यात सर्वांनी पाहिले. कारण संगणक असते तरी अडकणाऱ्यांची रांग हीच राहिली असती.

विमानाचे ठरावीक सुटे भाग किती वापरले याच्या नोंदी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तपासते. आरक्षणाची व नेमणुकांची यंत्रणा किती जुनी आहे, तिची मर्यादा किती आणि ती बंद पडल्यास हाताने कारभार चालविण्याची तालीम केव्हा झाली, हेही त्याने दरवर्षी तपासावे आणि प्रसिद्ध करावे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने साउथवेस्टला १४ कोटी डॉलरांचा दंड ठोठावला, त्यातील मोठा भाग पुढे प्रवाशांच्याच भरपाईसाठी राखला. आपल्याकडील नियम कंपनीच्या आवाक्याबाहेरील असाधारण परिस्थितीत भरपाई माफ करतात. वादळ आणि युद्ध ही तशी परिस्थिती खरीच. स्वतःच्या कपाटात वर्षानुवर्षे न बदललेली आज्ञावली त्यात मोडत नाही, एवढे एक वाक्य त्या नियमांत महासंचालनालयाने पुढचा पर्यटन हंगाम सुरू होण्यापूर्वी घालावे.