पत्र हरवते ते सांध्यावर



‘ईमेल पत्ता अवैध आहे’ असे संगणकाने सांगितले, की आपण प्रथम आपलेच टंकलेखन तपासतो. माझे म्हणणे असे, की देवनागरी पत्त्याच्या बाबतीत चूक बहुधा आपली नसते. ती दोन यंत्रणांच्या सांध्यावर असते. आणि तो सांधा जुळवण्याचे काम आपल्याकडे कोणी विज्ञानाच्या हिशेबात धरत नाही.

मी जयपूरच्या विद्याधर नगरात राहतो. याच शहरातील डेटा एक्सजेन टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१६ मध्ये भारतीय भाषांतील ईमेल सेवा सुरू केली. डिसेंबर २०१७ मध्ये राजस्थान सरकारने नागरिकांना ‘राजस्थान.भारत’ या नावाखाली देवनागरी पत्ते मोफत देऊ केले. पाया त्याआधीच घातला गेला होता. रोमनेतर पत्त्यांची आंतरराष्ट्रीय मानके २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ मध्ये खुले झाले आणि ते हिंदीइतकेच मराठी व कोंकणीचेही आहे. पोस्टफिक्स या बहुप्रचलित टपाल-प्रणालीने २०१५ मध्ये ही मानके स्वीकारली. तरीही आपल्या परिचयातील किती जणांचा पत्ता मराठीत आहे?

उत्तर मला एका छोट्या कार्यशाळेच्या तयारीत मिळाले. आमचे संकेतस्थळ भाड्याच्या होस्टिंगवर होते आणि त्याचा कारभार एका कंट्रोल पॅनेलमधून चाले. ईमेल, दिनदर्शिका आणि संपर्कसूची मात्र एका स्वतंत्र ग्रुपवेअर सर्व्हरवर होती. विद्यार्थी संकेतस्थळावरील अर्ज भरत आणि आमच्याकडे काहीच येत नसे. त्रुटीचा संदेशही नव्हता. एका विद्यार्थिनीने दूरध्वनी करून ‘सर, उत्तर का नाही?’ असे विचारले, तेव्हा शोध सुरू झाला. पॅनेल आमच्या क्षेत्रनामाचे टपाल स्वतःचेच समजत होते. संकेतस्थळावरून निघालेले प्रत्येक पत्र बाहेर न जाता त्याच यंत्रावरील, कोणीही न उघडलेल्या पेटीत पडत होते. ‘टपाल अन्यत्र आहे’ एवढी एक नोंद बदलली आणि अर्ज वाहू लागले. तोवर मुदत संपत आली होती.

त्यानंतर आम्ही देवनागरी पत्ता तयार करायला घेतला. ग्रुपवेअरने तो तत्काळ दिला. पॅनेलच्या नोंदणी-अर्जाने नाकारला, कारण तिथल्या नियमात नावासाठी केवळ रोमन अक्षरे मान्य होती.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. क्षेत्रनाम पडद्याआड रोमन सांकेतिक रूपात बदलता येते, म्हणून जुन्या यंत्रणाही ते पेलतात. ‘ॲट’ चिन्हाआधीच्या नावाला अशी पळवाट नाही. वाटेतील प्रत्येक सर्व्हरने ‘मला ही लिपी चालते’ असे सांगावे लागते. एकाने नाही म्हटले, तर पत्र परत येते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल : दोन माध्यमांची प्रतिबाधा जुळली नाही, तर लहर सीमेवरूनच परावर्तित होते. दोन्ही माध्यमे निर्दोष असली, तरी.

मराठीची अडचण आणखी एक पाऊल पुढे आहे. ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो : एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने, एकदा साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ती दोन निराळी नावे आहेत. प्रचलित प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ग्रुपवेअरने एक रूप ठेवले आणि पॅनेलने दुसरे, तर एकाच व्यक्तीच्या दोन पेट्या होतील. शिवाय नावाच्या भागाला ६४ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे काने-मात्रांसह जेमतेम २१ चिन्हे. हे प्रश्न जयपुरात किंवा दिल्लीत बसून कोणाला सुचतीलच असे नाही. ते मराठी लिहिणाऱ्यानेच मांडायला हवेत.

कोणी म्हणेल, रोमन पत्ता सर्वांना येतो, मग हा खटाटोप कशाला? देवनागरी पत्ता कोणावर लादावा असे मी म्हणत नाही. पण ज्याला स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत लिहायचे आहे, त्याला दारावरच अडवणे हा तांत्रिक नाइलाज नाही. तो आपला आळस आहे. आणि आमचे हरवलेले अर्ज तर रोमन पत्त्यावरच पाठवलेले होते. सांध्याकडे दुर्लक्ष केले, की लिपी कोणतीही असो, पत्र बुडतेच.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. संस्थांनी टपालसेवा व होस्टिंगच्या निविदेत देवनागरी पत्त्यावर पत्र जाऊन उत्तर परत येण्याची चाचणी सक्तीची करावी. ती ग्रुपवेअरवर, पॅनेलवर आणि संकेतस्थळाच्या अर्जावर, तिन्ही ठिकाणी व्हावी. आणि विद्यापीठांनी अशा जुळवणीला पदव्युत्तर प्रकल्पाचा दर्जा द्यावा. यातून शोधनिबंध कदाचित होणार नाही. पण एखाद्या कऱ्हाडेचा अर्ज वेळेत पोहोचेल, आणि मला ते पुरेसे वाटते.