परकायाप्रवेश आणि पलायन
"असली अद्भुत पुस्तके वाचून मुले वास्तवापासून पळतात," असे आमचे टीकाकार बजावतात. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, कादंबऱ्याही लिहितो. माझा अनुभव उलटा आहे. हिसाशी यामानाका या जपानी लेखकाच्या कादंबरीत एकाच वर्गातल्या मुलाची व मुलीची शरीरे बदलतात. १९८२ साली ओबायाशींनी तीवर चित्रपटही काढला. मुलीच्या देहात अडकलेल्या त्या पोराला पळायला जागा कुठे उरते? शंकराचार्यांनाही अमरू राजाच्या देहात शिरूनच संसार जाणावा लागला, अशी आख्यायिका आहे. वीस वर्षे मी वर्गात मुलांना 'मोठ्याने वाच' आणि मुलींना 'हळू बोल' सांगत आलो. त्यातला अन्याय मला या 'पोरकट' गोष्टीने दाखवला. टीकाकारांनी एक दिवस माझ्या वर्गात मुलगी होऊन बसावे. मग पलायनावर खुशाल लिहावे!