सात रस्ते आणि आठवी वाट

यंदा संक्रांतीच्या सुमारास, श्रीसिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सारें सोलापूर लोटलें असतां, आम्हीं घरीं बसून एक अव्यापारेषु व्यापार केला. एकाहून अधिक चलराशींचें कलनशास्त्र, ज्यास कॉलेजांतील मुलें ‘मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस’ म्हणतात, त्याच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आपलें नांव घातलें. वय सदुसष्ट, विद्या जुन्या अकरावीची मॅट्रिक, तीही 1974 सालची, पुढें पाठशाळेंतील संस्कृत आणि अडतीस वर्षांची मास्तरकी. सात रस्त्यावर आमच्याबरोबर सकाळीं फिरणाऱ्या मंडळींत ही वार्ता पसरतांच एका वकील मित्रांनीं विचारलें, “मास्तर, रामरक्षा सोडून हें काय आरंभिलेंत?” त्यांना आम्हीं कांहीं तरी थातुरमातुर उत्तर दिलें. वाचकांस मात्र खरें कारण सांगितलें पाहिजे. आणि जिच्यासंबंधीं तें आहे, तिची अनुमति घेऊनच सांगत आहों.

आमची थोरली नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचा गणिताचा विषय तिचा दोन वेळां राहिला, आणि दुसऱ्या वेळीं तिनें घरीं ‘सुटला’ म्हणून सांगितलें. मार्गशीर्षांतील एका रात्रीं आम्ही पाणी प्यावयास उठलों, तों ही मुलगी स्वयंपाकघरांत ओट्याशीं दिवा न लावतां बसलेली. पुष्कळ वेळानें तिनें काय तें सांगितलें, आणि “बाबांना सांगूं नका” अशी गळ घातली. आम्हीं होकार दिला. तो आमचा चुकला. प्रगतिपत्रकांवरील पालकांच्या खोट्या सह्या पकडण्यांत ज्याची हयात गेली, तो मास्तर स्वतःच्या मुलापासून ही गोष्ट लपवून बसला! दुसरें शल्य असें कीं, ‘मी शिकवितों’ म्हणावें तर आमची गणितांतील धांव त्रैराशिक आणि वर्गसमीकरण यांच्यापुढें नाहीं. शिकवितां येत नाहीं तर निदान तिच्या बाकावर जाऊन बसावें, एवढाच त्या रात्रीं निश्चय झाला.

आजच्या काळीं ही सोय आहे हें मान्य केलें पाहिजे. निरनिराळ्या आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा एन.पी.टी.ई.एल. हा उपक्रम 2003 सालापासून चालू आहे, आणि 2017 पासून सरकारचें ‘स्वयम्’ हें विद्यापीठ म्हणावें असें स्थान आहे. नांव घालण्यास शुल्क नाहीं, वयाची अट नाहीं, आणि पदवी कोणती हें विचारून कोणी दारांतून परत लावीत नाहीं. दर आठवड्याला व्याख्यानें येतात, त्यांवर प्रश्न येतात. त्या प्रश्नांचे शेंकडा पंचवीस गुण, आणि केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेचे पंचाहत्तर. परीक्षेला तेवढी फी पडते. व्याख्यानें इंग्रजींत, पण गणिताची इंग्रजी आमच्या भीतीपेक्षां सोपी निघाली. तिच्यांत क्रियापदें थोडीं आणि तींच तींच येतात. पूर्वतयारी म्हणून बारावीचीं पुस्तकें आणून एका चलराशीचें कलन आम्हीं आधीं उरकलें. (मराठींत या विषयावरील पहिलें पुस्तक बाळशास्त्री जांभेकरांचें, ‘शून्यलब्धि’ या नांवाचें. बाळशास्त्री 1846 सालीं अवघ्या चौतिसाव्या वर्षीं वारले. आम्हांस ही लब्धि होण्यास त्यांच्या दुप्पट आयुष्य लागलें.)

अनेक चलराशींची पहिली युक्ति म्हणजे आंशिक अवकलज. आमटीची चव मीठ, चिंच आणि गूळ या तिहींवर अवलंबून आहे असें धरा. चिंच व गूळ जागच्या जागीं ठेवून मीठ किंचित् वाढविलें तर चव कितपत बदलेल, हा मिठापुरता अवकलज. आम्हीं हें जेवतांना समजावून सांगितलें, तों घरांतून अभिप्राय आला कीं, मीठ वाढलें कीं गूळही घालावाच लागतो. नुसतें मीठ हलवून कोणी आमटी करीत नाहीं. हा आक्षेप क्षुल्लक समजूं नये. सर्व राशी एकदम थोड्या थोड्या बदलल्या असतां एकूण किती फरक पडेल, याचा विचार शास्त्रांत पुढच्याच प्रकरणीं येतो.

पहिल्या आठवड्याच्या प्रश्नांना बरे गुण पडले आणि आमची मान थोडी ताठ झाली. दुसऱ्या आठवड्यांत ‘सीमा’ आली, आणि आम्ही पडलों.

एका चलराशीचें जग म्हणजे एकच सरळ रस्ता. त्यावरील एखाद्या ठिकाणाशीं यावयाचें तर दोनच बाजूंनीं येतां येतें, डावीकडून किंवा उजवीकडून. दोन्हीकडून येतांना फलनाची किंमत एकाच संख्येच्या जवळ जवळ जात असेल तर ती संख्या ही सीमा. दोन चलराशी झाल्या म्हणजे रस्त्याचें मैदान होतें. आमच्या सज्जांतून सात रस्त्याचा चौक दिसतो. स्टेशनाकडून या, रंगभवनाकडून या, चौक तोच. आम्हीं मनाशीं म्हटलें, सातही रस्त्यांनीं येऊन एकच उत्तर मिळालें तर आणखी काय पाहिजे? प्रश्न असा होता: क्ष चा वर्ग गुणिले य, या गुणाकाराला क्ष चा चतुर्थ घात अधिक य चा वर्ग, या बेरजेनें भागावें, क्ष आणि य दोन्ही शून्याकडे जात असतां सीमा आहे काय? आम्ही सातच नव्हे, सर्व सरळ रस्त्यांनीं जाऊन पाहिलें. दर वेळीं शून्य. ‘सीमा आहे, ती शून्य’ असें उत्तर देऊन आम्ही समाधानानें निजलों. सकाळीं तें चूक ठरलें होतें.

नातीला दाखविलें. तिनें कागदाकडे पाहिलें आणि ती हसली. त्या महिन्यांत प्रथमच. “आजोबा, तुम्हींही तेंच केलेंत!”

मग तिनें पेन्सिल घेतली. क्ष 0.1 आणि य 0.1 घेतलें, किंमत आली सुमारें 0.099, दोन्ही 0.01 घेतले तर सुमारें 0.01. ही आमची सरळ वाट, शून्याकडे जाणारी. “आतां य म्हणजे क्ष चा वर्ग ठेवा,” ती म्हणाली. क्ष 0.1, य 0.01. अंश झाला 0.0001, छेदांतील दोन्ही पदें तितकींच. किंमत अर्धा. क्ष 0.01 आणि य 0.0001 केलें, तरी अर्धा. कितीही जवळ जा, या अन्वस्ताच्या आकाराच्या वळणदार बोळांतून येणाऱ्याला चौकांत सदैव अर्धाच भेटतो, आणि सरळ येणाऱ्या प्रत्येकाला शून्य. सबब सीमा नाहींच. ती आहे असें म्हणावयाचें तर वाटा मोजून भागत नाहीं, कारण वाटा संपत नाहींत. दिशा मुळीं विचारांत न घेतां, चौकापासूनचें अंतर लहान झालें कीं किंमतींतला फरकही लहान होतो, असें सिद्ध करावें लागतें. एकोणिसाव्या शतकांत पेआनो या इटालियन गणित्यानें अशाच युक्तीनें एक रूढ समज खोटा पाडला: केंद्रांतून जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर कमाल किंमत केंद्रींच असूनही मैदानांत ती कमाल नसते, असें फलन त्यानें पुढें ठेवलें. तेव्हां मोठमोठे ज्या बोळांत अडखळले तेथें आम्ही दोघें अडखळलों, यांत अप्रतिष्ठा नाहीं.

हें आम्हीं बोलून दाखविल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “दोन्ही पेपरांत मी दोन-तीन रेषा धरून ‘सीमा आहे’ म्हणून लिहून आलें. पुढचें कांहीं सुचेना. मला वाटलें, मला डोकेंच नाहीं.” ज्या मुलीनें आम्हांस दहा मिनिटांत पेआनोच्या दारापर्यंत नेलें, तिचें हें मत! आम्हीं वर्गांत किती मुलांना असें वाटूं दिलें असेल, हा विचार तेव्हां आला आणि अजून गेलेला नाहीं.

त्यानंतर रोज रात्रीं जेवणें झालीं कीं टेबलाशीं दोघांची बैठक सुरू झाली. तिनें आम्हांस शिकवावें आणि आम्हीं शंका काढाव्यात. आमच्याकडून तिला एकच गोष्ट देतां आली, ती भास्कराचार्यांची. गोलाच्या पृष्ठफळाचें द्विसंकल तिला पाठ होतें, पण तें कशाचें चित्र आहे हें दिसत नव्हतें. आम्हीं फडताळांतून ‘सिद्धान्तशिरोमणि’ काढला. 1150 सालचा ग्रंथ, त्याच्या गोलाध्यायांत हा विषय आहे. आचार्य सांगतात, आवळ्याकडे पाहा. त्याच्या देठापासून बुडाशीं जाणाऱ्या रेषांमुळें जशा फांकी दिसतात तशा गोलाच्या पाठीवर कल्पा. वृत्तपादांत चोवीस ज्या, म्हणून परिघाचे चौपट म्हणजे शहाण्णव भाग, आणि फांकीही शहाण्णव. एका फांकीचे आडवे तुकडे करून त्यांची बेरीज ज्यांच्या साहाय्यानें केली कीं फांकीचें फळ गोलाच्या व्यासाइतकें भरतें. मग सर्व गोलाचें पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास. पूर्वीच्या लल्लानें वर्तुळाचें क्षेत्रफळ परिघानें गुणिलें होतें. आचार्यांनीं तें चूक म्हणून स्पष्ट दाखविलें. आधीं उभें कापावें, मग आडवें, आणि दोनदां बेरीज घ्यावी: द्विसंकलाचें चित्र तें हेंच. उगीच अभिमानानें ‘सर्व कांहीं आमच्याकडे होतेंच’ असें आम्ही म्हणणार नाहीं. शहाण्णव फांकी म्हणजे अनंत फांकी नव्हेत. पण नात उठली, स्वयंपाकघरांतून आवळा घेऊन आली, आणि त्यावर शाईनें रेषा काढूं लागली. आवळ्यावर निसर्गानें रेषा सहाच दिल्या आहेत. उरलेल्या तिनें काढल्या.

खोगीरबिंदु म्हणून एक प्रकरण आहे, तें मात्र महाराष्ट्रांत कोणासही समजावून सांगावें लागूं नये. घाटांतील खिंड ही रस्त्यानें जाणाऱ्याला सर्वांत उंच जागा, आणि डोंगराच्या धारेवरून चालणाऱ्याला सर्वांत खोल. उतार दोन्ही दिशांनीं शून्य, पण तें शिखरही नव्हे आणि तळही नव्हे.

फाल्गुनांत एके दिवशीं नातीनें आपण होऊन बापाला सर्व सांगितलें. आम्ही शेजारीं होतों. मुलगा तिला फारसें बोलला नाहीं. आमच्याकडे वळून म्हणाला, “बाबा, तुम्हांलाही ठाऊक होतें?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तीन दिवस तो आमच्याशीं कामापुरतेंच बोलला, आणि त्याची बाजू खरी होती.

परीक्षा एप्रिलांत आली. सोलापूरचा एप्रिल, बेचाळीस अंशांचें ऊन. केंद्रावर मुलानेंच स्कूटरवरून पोंचविलें, आणि उतरतांना पाण्याची बाटली हातांत दिली. दारावरील पहारेकऱ्यानें “आजोबा, नातवंडांना सोडायला आलांत का?” असें विचारून आमचें ओळखपत्र दोनदां पाहिलें. आंत संगणकासमोर तीन तास. पंचाहत्तरपैकीं तेहतीस मिळाले, आठवड्यांच्या प्रश्नांचे पंचवीसपैकीं सतरा, एकूण पन्नास. चाळिसाला उत्तीर्ण. वकीलमित्रांनीं पेढे मागितले, ते दिले.

तिचा पेपर पुढच्या महिन्यांत आहे. सध्यां संकलनाचा क्रम बदलण्याचीं उदाहरणें चाललीं आहेत. क्ष आधीं घेतला होता तर य आधीं घ्यावयाचा, आणि त्यासाठीं सीमा नव्यानें लिहावयाच्या. आकृति न काढतां ती लिहूं लागली कीं हमखास चुकते. आम्ही आकृति काढूनही चुकतों.