आधी कॅल्क्युलस, मग कुतूहल!

नाशिक जिल्ह्यातल्या वणीत परवा एका विद्वानांचं भाषण झालं. विषय होता 'विज्ञान आणि सामान्य माणूस'. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्यांनी तासभर समजावून दिलं. सार असं: भौतिकशास्त्राची भाषा गणित. ज्याला कॅल्क्युलस येत नाही, त्याला कळतं ते भौतिकशास्त्र नव्हे, भौतिकशास्त्राच्या गोष्टी. गणिताची बुद्धी जन्मजात असते. ती ज्याला नाही त्याने कृष्णविवरं आणि क्वांटमच्या नादी लागू नये. लागला, की तो आइन्स्टाइनला खोटं पाडायला निघतो. शेतकऱ्याला तर या उठाठेवीचा उपयोगही नाही. तेव्हा हौशी मंडळींनी टाळ्या वाजवाव्यात, शंका काढू नयेत. यावर टाळ्या वाजल्या, म्हणजे निम्मा सल्ला लगेच पाळला गेला.

टाळ्या वाजवण्याचं वाक्य कदाचित ते शब्दशः असं म्हणाले नसतील. सूर मात्र हाच होता.

उरलेला निम्मा सल्ला एका द्राक्षबागायतदाराने मोडला. त्याने विचारलं, विहिरीचं पाणी काठापासून पंचवीस फूट खाली गेलं, की वरची मोटार पाणी का ओढत नाही? पाचाच्या जागी साडेसात हॉर्सपॉवरची बसवली तरी तेच. मग मोटार विहिरीत खाली उतरवावी लागते, नाहीतर पाणबुडी मोटार टाकावी लागते. असं का? उत्तर मिळालं: हा द्रवगतिकीचा विषय आहे, त्याला समीकरणं लागतील. बागायतदार बसला.

माझं भांडण नेमकं इथून सुरू होतं. या प्रश्नाला समीकरणं लागत नाहीत. वरची मोटार पाणी ओढतच नाही, ती फक्त पाइपातला दाब कमी करते. विहिरीतल्या पाण्यावर जी हवा बसलेली आहे, ती ते पाणी पाइपात वर ढकलते. म्हणजे जोर मोटारीचा नाही, हवेचा. आणि हवेच्या जोराला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला हवा 76 सेंटिमीटर पारा तोलून धरते. पारा पाण्याच्या 13.6 पट जड. 76 गुणिले 13.6, आले 1033.6 सेंटिमीटर, सव्वादहा मीटरच्या किंचित वर, म्हणजे सुमारे 34 फूट. हॉर्सपॉवर कितीही वाढवा, या आकड्यापुढे काठावरच्या मोटारीचा इलाज चालत नाही.

आता आपला भाग. नाशिकचं पठार समुद्रापासून साधारण सहाशे मीटर उंच. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. शंभर मीटर उंच चढलं, की दर चौरस मीटरवरचं एकशेवीस किलो ओझं उतरलं, म्हणजे पाण्याच्या हिशेबात बारा सेंटिमीटर. सहाशे मीटरचे बहात्तर सेंटिमीटर वजा करा, उरले 9.6 मीटर, साडेएकतीस फूट. त्यातून पाइपातलं घर्षण, फूटव्हॉल्व्हची अडवणूक, उन्हाळ्यात पाण्याची होणारी वाफ आणि एखादा हवा धरणारा सांधा वगळा. बागायतदाराचे पंचवीस फूट हाताशी येतात. पाणबुडीला ही अडचण नाही, कारण ती पाण्यातच बसून पाणी वर रेटते. तिला हवेची उसनवारी करावी लागत नाही. सातवी-आठवीची गुणाकार-वजाबाकी. यात कॅल्क्युलस कुठे अडलं, ते विद्वानांनी दाखवावं.

गंमत पुढेच आहे. हाच प्रश्न इटलीत विचारला गेला होता. गॅलिलिओच्या 1638 च्या ग्रंथात एक पात्र सांगतं: माझा पंप पाणी चढवेना म्हणून कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला, पंपात बिघाड नाही, अठरा हातांपलीकडे पाणी असं वर चढतच नाही. कारागिराचं निरीक्षण अचूक होतं. गॅलिलिओ हा त्या काळचा कोण गणिती, हे सांगायला नको. त्याने कारण काय दिलं? फार लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ तुटतो. साफ चूक. 1643 मध्ये टॉरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीने खरं कारण पुढे आणलं. टॉरिचेली स्वतः गणिती होता, ते मला ठाऊक आहे. कुणी तो पुरावा माझ्यावर फेकण्याआधी मीच सांगून टाकतो. पण नळीत पारा भरून ती उलटी करण्याचं त्याला सुचलं, ते गणितातून नाही. पाणी वर ओढलं जातंय की खालून ढकललं जातंय, असा प्रश्न त्याने उलटा धरला म्हणून. गणिताची ताकद आणि शास्त्रीय विचार एकाच माणसात नांदतात, तेव्हा आनंदच आहे. पण पहिली असली की दुसरा आपोआप येतो, ही समजूत गॅलिलिओलाही लागू पडली नाही. आमच्या वक्त्यांना पडेल असं वाटत नाही.

ज्या विजेच्या मोटारीची ही चर्चा, तिचं मूळ फॅरडेच्या प्रयोगांत. फॅरडे पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा पोरगा. बीजगणित त्याला जेमतेमच येत होतं. चुंबकाच्या बलरेषा त्याने मनात आणि लोखंडाच्या किसात पाहिल्या. त्यांना गणित चढवलं ते पुढे मॅक्सवेलने. फॅरडेने मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं होतं की तुमचे निष्कर्ष साध्या भाषेत मांडता येणार नाहीत का. आमच्या सभेत असता तर त्यालाही खाली बसवलं असतं.

राहता राहिलं जन्मजात बुद्धीचं. वणीहून पन्नासेक किलोमीटरवर देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1930 पासून 1962 पर्यंत शाळेत शिकवत होते. शिक्षण बी.एस्सी., पुढची पदवी नाही. सुट्टीत आणि फावल्या वेळात ते आकड्यांशी खेळायचे. 1949 साली त्यांनी 6174 या संख्येचा गुण मांडला. चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, तेच पुन्हा करा. 2018 घेऊन पाहू: 8210 वजा 0128, आले 8082. मग 8820 वजा 0288, आले 8532. मग 8532 वजा 2358, आले 6174. आणि तिथून सुटका नाही: 7641 वजा 1467, पुन्हा 6174. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच पोचता. आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांनी याला पोरखेळ म्हणून बाजूला सारलं. 1975 च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. मग आपल्यालाही ते दिसू लागले. आपली पारख ही अशी.

कापरेकरांकडे बुद्धी नव्हती असं मी म्हणत नाही. पण ती होती की नव्हती हे कळायला आधी त्यांना खेळू द्यावं लागलं. दाराशीच परीक्षा घेणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

हा वाद नवा नाही. दहावीला सोप्या, सामान्य गणिताचा पर्याय असावा की नसावा, यावर एका गृहस्थांशी माझं वर्षभर वाजलं होतं. त्यांच्या मते त्या पर्यायाने देश बुडणार होता.   

विद्वान म्हणाले तसे आइन्स्टाइनला खोटं पाडणारे हौशी असतात, कबूल. तसे पदवीधरही भेटतात. आणि उपयोगाचं विचाराल, तर बागायतदाराला विचारा.

मग माझं म्हणणं काय? फार मोठं नाही. कुतूहल असणाऱ्याने प्रश्नाला एक आकडा जोडावा, तो आकडा मोजण्याआधी कागदावर लिहावा, आणि चुकला तर कागद लपवू नये. गणित अडेल तिथे शिकावं. अडलं की माणूस शिकतो, हे मुलंच काय, बागायतदारही दाखवून देतात. सूक्ष्म कणांचं आणि कृष्णविवरांचं अवघड गणित मला येत नाही, तिथे मी तज्ज्ञांचं ऐकतो. पण ऐकणं म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे.

एक आकडा आत्ताच लिहून ठेवतो. दर तीनशे मीटर चढणीला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं. वणीपेक्षा सप्तशृंग गडावरचं गाव पाच-सहाशे मीटर उंच धरलं, तर खाली पाणी जितक्या अंशांना उकळतं, त्यापेक्षा तिथे पावणेदोन अंश अलीकडे उकळायला हवं. थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल, पातेलं गडावरच्या कुठल्याही चहावाल्याकडे. पाणी साधंच घ्यावं, चहा नको. पोरांनी येत्या रविवारी जाऊन मोजावं. उत्तर एक ते अडीचच्या बाहेर गेलं, तर माझा हिशेब चुकला असं विद्वानांनी पुढच्या भाषणात खुशाल सांगावं. फक्त नेमका कितीने चुकला, तेही सांगावं.