समाधान कुणाचे मोजायचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या अध्यापनाला, अभ्यासपूरक उपक्रमांना आणि संशोधनाला गुण लावले. २०१८ मध्ये ती पद्धत सौम्य झाली, तरी फायली भरण्याची सवय गेली नाही. आता कामाबरोबर कामातले समाधानही मोजावे, असा विचार मांडला जातो. त्याचे स्वागतच आहे; मात्र कशाने आणि कुणाचे मोजायचे, हे आधी ठरवायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ ची एक प्रश्नावली अवघ्या पाच विधानांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, निवांत होते का, उठल्यावर ताजेतवाने वाटले का, अशा स्वरूपाची ती विधाने. साधन सुटसुटीत आहे. पण मन कसे आहे एवढेच ते सांगते, तसे का आहे हे सांगत नाही. मग कमी गुण पडले की एखादे योगशिबिर भरवायचे आणि रिक्त पदे रिक्तच ठेवायची, ही सोय होते.

सातारा-सांगली परिसरात आणखी एक अडचण आहे. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अशा परंपरेत स्वतःच्या थकव्याविषयी बोलणे शिक्षकाला कमीपणाचे वाटते. विभागप्रमुखांच्या हाती द्यायच्या कागदावर तो 'समाधानी' असेच लिहिणार. परंतु त्याग स्वेच्छेने केलेला असतो. सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याने, सुट्टीत मानधनाविना राहून, दरवर्षी नव्याने मुलाखत देणे याला त्याग म्हणता येत नाही. तो नाइलाज आहे. आणि नमुना जर कायम प्राध्यापकांच्या यादीतूनच निवडला, तर हा माणूस मोजदादीत येतच नाही.

म्हणून प्रश्नावली निनावी असावी, महाविद्यालयाबाहेरच्या यंत्रणेने ती भरून घ्यावी आणि तासिकेवरच्यांना तीत प्रथम स्थान द्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही प्रश्न संस्थेलाही विचारावेत. किती पदे रिक्त आहेत? मानधन कोणत्या तारखेला हाती पडते? अध्यापनाबाहेरच्या कामात आठवड्याचे किती तास जातात? ही उत्तरे शिक्षकाच्या उत्तरांशेजारी ठेवली, तरच त्या गुणांना काही अर्थ राहील. एरवी आधीच्या फायलींत आणखी एका फाईलची भर पडेल, आणि तीही शिक्षकालाच भरावी लागेल.