लतादीदी कोणत्या राज्याच्या?

मुलांनो, सांगा पाहू, लता मंगेशकर कोणत्या राज्याच्या? "महाराष्ट्राच्या!" असंच म्हणाल ना? पण त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला. म्हणून मध्य प्रदेश म्हणतो, "आमच्या!" गंमत अशी, की तेव्हा मध्य प्रदेश नव्हताच, इंदूर होळकरांच्या संस्थानात होतं. मध्य प्रदेश झाला १९५६ साली. पण हसू नका हं, आपला महाराष्ट्र तरी कुठे होता? तो झाला १९६० साली! शिवाय आडनाव गोव्यातल्या मंगेशी गावावरून आलेलं. वडील मास्टर दीनानाथ तिथले.

मध्य प्रदेशाचा हक्क तसा कच्चाच. पण नुसतं भांडत न बसता त्या राज्याने १९८४ साली लतादीदींच्या नावाने संगीतातला पुरस्कार सुरू केला. 'आपलं' म्हणायचं, तर असं काहीतरी करावं लागतं.

तुमच्या वर्गातही कुणी वडिलांच्या बदलीमुळे, कुणी ऊसतोडीमुळे परगावाहून आलेलं असेल. त्याला "तू इथला नाहीस" म्हणण्याऐवजी डबा खाताना शेजारी बसवा. एका माणसाची दोन-तीन गावं असू शकतात, बरं का! आज आजीलाच विचारा, तिची गावं किती?