बदकांचा फोटो : पिसे त्यांचीच राहू द्या



दिवाळी उरकली, ज्वारी-हरभरा वर आला, की गावतळ्यावर आणि पाझर तलावावर पाहुणे उतरू लागतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक ही मंडळी लांब उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात. हळदीकुंकू बदक मात्र आपल्या घरचे, बारा महिने इथलेच. काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे ठिपके, म्हणून हे नाव.

आता घरोघर मोबाईल आला आहे. मुले हौसेने बदकांचा फोटो काढतात आणि घरी येऊन बघतात, तर पांढऱ्याफेक पाण्यावर नुसता काळा ठिपका! असे का होते? पाणी उन्हात चमकते. त्या चमकीमुळे मोबाईल सगळाच उजेड कमी करतो, आणि बदक अंधारात जाते. उपाय सोपा आहे. पडद्यावर बदकावरच बोट टेकवा, मग उजेडाची खूण जराशी वर सरकवा. सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यावर ऊन पडते.

आधी भिंग मऊ सुती कापडाने पुसा; धुळीने फोटो धुरकट येतो. उभे राहू नका, बसा किंवा पालथे पडा. वाळूने निम्मी भरलेली पिशवी पुढे ठेवून तिच्यावर मोबाईल टेकवा, म्हणजे हात हलणार नाही. बोटांनी ताणून चित्र फार मोठे करू नका. त्याने बदक जवळ येत नाही, फक्त डाग मोठे होतात. शाळेत किंवा कुणाकडे दुर्बीण असेल, तर तिच्या डोळ्याच्या बाजूला मोबाईलचे भिंग लावून पाहा.

पाखरे उडावीत म्हणून दगड मारू नका. उडताना त्यांची ताकद खर्च होते, आणि परतीच्या लांबच्या वाटेसाठी तीच साठवायची असते. हळदीकुंकू बदक काठच्या गवतात घरटे करते. ते दिसले तर तसेच मागे फिरा. माणसाच्या वावराने मादी उठली, की अंडी कावळ्या-मुंगसाला उघडी पडतात.

आणखी एक गोष्ट आयाबहिणींनी ध्यानात ठेवावी. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याच्या उतारावर मुलांना फोटोसाठी उतरू देऊ नका. ओले अस्तर निसरडे असते. पोहणाऱ्यालाही त्यावरून वर चढता येत नाही. कुंपण नसेल तर आधी ते करा, आणि गाठी मारलेला दोर खुंटाला बांधून पाण्यात सोडून ठेवा.

आता फोटो सुधारण्याविषयी. मूळ फोटो तसाच ठेवून त्याच्या नकलेवर काम करा. बाजूचा फापटपसारा कापा, पण चोचीच्या समोर थोडी जागा ठेवा. पाण्याची रेघ आडवी सरळ करा. सावलीतला भाग थोडा उजळा, पाण्याची चमक थोडी उतरवा. रंग मात्र भडक करू नका. ही खुरपणीसारखी गोष्ट आहे. तण काढावे, पिकाला हात लावू नये. हल्ली मोबाईलमधली कृत्रिम बुद्धी अस्पष्ट फोटोत नसलेली पिसेही रचून देते. फोटो देखणा होतो, पण तो त्या बदकाचा राहत नाही.

यात काय बिघडले, असे कुणी विचारील. तारीख आणि ठिकाण लिहिलेला खरा फोटो हा तळ्याचा सातबारा आहे. ई-बर्डसारख्या नोंदवहीत जाणकार असे फोटो तपासतात. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर हे रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. जानेवारी २०२० मध्ये ती घोषणा झाली. तिथे कोणते पक्षी येतात, हे नोंदींवरूनच कळते. उद्या तुमचे तळे बुजवण्याची गोष्ट निघाली, तर तुमच्या गावालाही नोंदीच कामी येतील. त्यातला एक फोटो बनावट निघाला, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?

कुणी जाळे लावलेले किंवा विषारी दाणे टाकलेले दिसले, तर लांबूनच फोटो घेऊन वनरक्षकाला दाखवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले आढळले, तर हात लावू नका, कोंबड्या तिकडे सोडू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लूने कुक्कुटपालकांचे काय झाले, ते आपण विसरलेलो नाही.

येत्या रविवारी पोराबाळांना घेऊन तळ्यावर जा. घटकाभर नुसते बघा, मग मोबाईल काढा. पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी बोलू.